स्केट आता फुकट आहे, पण विकत घ्यायचा म्हटलं तर मिळत नाही

होटगीरोडकर (धागाकर्ता)

आपल्या या सोलापूरकरांच्या फोरमवर क्रिकेटच्या गेमवर धागे निघतात, बीजीएमआयवर (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) तर सारखेच. 'स्केट' या स्केटबोर्डच्या गेमवर एकही दिसला नाही, म्हणून मीच काढतो.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ही ईए कंपनीची मालिका. पहिला भाग २००७ चा, दुसरा २००९, तिसरा २०१०. कॅनडात व्हँकुव्हरला ब्लॅक बॉक्स नावाचा त्यांचा स्टुडिओ होता, त्यानं केलेले. त्याआधी स्केटबोर्डचा गेम म्हणजे १९९९ पासूनचा टोनी हॉक. बटणं बडवायची, एका उडीत चार-पाच ट्रिक, स्कोअर लाखांत. स्केटनं ते सगळं कंट्रोलरच्या उजव्या स्टिकवर आणलं. स्टिक खाली ओढायची, वर झटकायची, झाली ऑली (बोर्डासकट उडी). झटका तिरका बसला की किकफ्लिप (बोर्ड हवेत कोलांटी खातो), दुसऱ्या बाजूला बसला की हीलफ्लिप. याला फ्लिक-इट म्हणतात. साधी पायऱ्यांवरून उडी जमायला अख्खी संध्याकाळ जायची, आणि जमली की खुर्चीवरून उठून ओरडावंसं वाटायचं.

माझं कॉलेजजवळ गेम पार्लर होतं (आता तिथं झेरॉक्सचं दुकान आहे). पीएस३ वर (प्लेस्टेशन ३) तिसरा भाग कायम लावलेला. फिफा लावला की दोघं खेळणार आणि बाकीचे ताटकळणार. स्केटमध्ये पार्टी मोड होता, एकच कंट्रोलर हातोहात फिरायचा. शिवाय हॉल ऑफ मीट नावाचा प्रकार: उंचावरून उडी टाकायची, जितकी हाडं मोडतील तितके गुण. सहा पोरं एका सोफ्यावर, तासाचे पैसे सहाजणांत वाटून. धंद्याच्या हिशोबानं मला तो गेम कधीच परवडला नाही. तरी मी तो काढला नाही.

२०१३ ला ब्लॅक बॉक्स बंद पडला. मालिका संपली असंच सगळे धरून चालले. मग यूट्यूबवर तिसऱ्या भागातले गमतीदार बिघाड गाजले. माणूस भिंतीत अडकतो, आभाळात उडतो, असले. त्या व्हिडिओंवरून जुना गेम पुन्हा खपायला लागला. चौथा भाग करा म्हणून लोक वर्षानुवर्षं ईएच्या प्रत्येक पोस्टखाली लिहीत राहिले. २०२० च्या जूनमध्ये घोषणा झाली, २०२१ ला फुल सर्कल नावाचा नवा स्टुडिओ निघाला, त्यात जुन्यातली काही माणसं. आणि जुलै २०२२ ला सांगितलं की गेमचं नाव नुसतं 'स्केट', आणि तो फुकट असणार. १६ सप्टेंबर २०२५ ला अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पुरा व्हायच्या आधीच खेळायला खुला) आला. पीसी, पीएस४, पीएस५, दोन्ही एक्सबॉक्स.

फुकट आहे याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. मी चार-पाच हजार मोजायला तयार आहे आणि कंपनी मला गेम विकायलाच तयार नाही. विकते काय, तर टोप्या, बूट, बोर्डावरची चित्रं. डिस्क नाही. एकट्यानं खेळायचं असलं तरी इंटरनेट पाहिजे. आमच्याकडं पावसाची सर आली की फायबर जातं, मग गेमही गेला. तिसऱ्या भागाची २०१० ची डिस्क कपाटात आहे, आज घातली तरी चालते. ती मी मित्राला दिली, परत आणली, एकदा विकून पुन्हा विकत घेतली. नव्या गेमबाबत यातलं काहीच करता येत नाही.

इथं कोण खेळतंय? तुम्हाला काय वाटतं?

---

चटणीभाकर

पैला! म्हणजे प्रतिसादात. गेममध्ये अजून त्याच तीन पायऱ्यांवरून पडालोय.

होटगीरोडकर, तुमच्या पार्लरमध्ये मी बसलेलोय की ओ. तुम्ही तास संपायच्या आधीच स्क्रीनपुढं येऊन उभं ऱ्हायचा. अजून राग हाय.

गेम डाऊनलोड केला, चालू केला, आणि व्ही नावाचा एक रोबो बोलायलाच लागला. इकडं जा, तिकडं बघ, शाब्बास. आरं गप की बे! मला पडू दे शांतपणे.

---

पूर्वभाग_विद्यार्थी

काका, राग मानू नका, पण तुमचा मुद्दा ज्यांनी कधीतरी डिस्क विकत घेतली त्यांचा आहे.

माझे वडील एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. चार-पाच हजार म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. स्केट ३ मी फक्त यूट्यूबवर बघितला, दुसऱ्यांना खेळताना. आमच्याकडं पीएस३ कधी नव्हता आणि पार्लरमध्ये तासाला पैसे देऊन एवढा अवघड गेम शिकता येत नाही, कारण शिकायच्या आतच तास संपतो (चटणीभाकर सांगतीलच). आता जुने पार्ट गोळा करून जुळवलेल्या पीसीवर मी हा गेम खेळतोय. अशोक चौकातल्या मित्राकडं पीएस४ आहे, तो तिकडून येतो, मी इकडून, एकाच शहरात. पीएस प्लसचे (प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायची वर्गणी) पैसेसुद्धा लागत नाहीत, बहुतेक फुकट गेमला लागतच नाहीत. विकतच्या गेमला ऑनलाइन खेळायचं तर डिस्कचे वेगळे आणि प्लसचे वेगळे.

मी आजपर्यंत एक रुपया दिलेला नाही. माझा माणूस मिळालेल्या साध्या टीशर्टवर फिरतो. पण परवा ट्रे फ्लिप (बोर्ड गोल फिरवत उलटवायची अवघड ट्रिक) मारला तर शेजारून जाणारे दोघं थांबले. त्यातल्या एकाच्या अंगावर नुसतं दुकान होतं, सगळं विकतचं, आणि त्याला साधी ऑली नीट जमत नव्हती.

तुम्हाला विकत मिळत नाही याचं वाईट वाटतं. मला आत जायला मिळालं याचं बरं वाटतं.

---

सध्या_पुण्यात

मूळचा विजापूर रोडचा, पुण्यात एका स्टुडिओत गेम टेस्टिंग करतो. ईएशी संबंध नाही. पण हा धंदा रोज जवळून बघतो म्हणून लिहितो.

विकतच्या गेममध्ये कंपनीला तुमची गरज एकदाच असते, पैसे देताना. पुढं तुम्ही खेळा नाहीतर माळ्यावर टाका. फुकटच्या गेममध्ये तिला तुमची गरज रोज असते. म्हणून रोजची कामं, आठवड्याची कामं, सीझन (ठराविक काळाचा हंगाम), पास (पैसे भरून त्या हंगामातली ज्यादा बक्षिसं). दुकानातला माल ठराविक दिवसांनी बदलायचा, म्हणजे आज नाही घेतलं तर गेलं असं वाटलं पाहिजे. चलनं दोन. खेळून मिळतात त्या रिप चिप्स. खऱ्या पैशानं मिळतात ते सॅन व्हॅन बक्स. रुपये आणि वस्तू यांच्यामध्ये हे बक्स का घातले? एक म्हणजे किंमत रुपयांत दिसत नाही. दुसरं म्हणजे ते गठ्ठ्यानं घ्यावे लागतात, त्यामुळं थोडे कायम उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुन्हा गठ्ठा घेतो. हे एकट्या स्केटचं नाही, बऱ्याच फुकट गेमचं हेच.

बहुतेक लोक काहीच देत नाहीत, कंपनीलाही ते ठाऊक असतं. थोडे लोक भरपूर देतात. पण त्यांनी का द्यावं? तर बघायला माणसं आहेत म्हणून. स्केटच्या एका सर्व्हरवर दीडशेपर्यंत खेळाडू असतात. भारी जाकीट घातलेला एक आणि ते बघणारे एकशे एकोणपन्नास. पूर्वभाग, तू फुकट खेळतोस असं तुला वाटतं. तू तिथं गर्दीचं काम करतोस. बिनपगारी.

आता कंपनीच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. २०२२ ला त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: पैसे देऊन कुणी वरचढ होणार नाही, नकाशाचा कुठलाही भाग पैशामागं ठेवणार नाही, पैसे देऊन उघडायची नशिबाची पेटी नाही. गेम आला तेव्हा अख्खं सॅन व्हॅन्स्टरडॅम (गेममधलं शहर) पहिल्या दिवसापासून फुकट फिरता येत होतं. उड्या, ग्राइंड (कठड्यावरून घासत जाणं), मॅन्युअल (दोन चाकांवर तोल सांभाळणं), जे काय ते सगळ्यांना सारखं. बाकी फुकट गेमांशी ताडून बघितलं तर हे बरंच सभ्य आहे.

आणि मालिका फुकटात नेणारे हे पहिले नाहीत. रॉकेट लीग २०१५ ला विकतचा होता, सप्टेंबर २०२० ला फुकट झाला, आणि अजून जोरात चालतो. ओव्हरवॉचचं उलटं. २०२२ ला दुसरा भाग फुकट आला आणि पहिला, जो लोकांनी पैसे देऊन घेतला होता, तो बंदच करून टाकला. ईएनं निदान स्केट ३ ला हात लावलेला नाही.

---

पूर्वभाग_विद्यार्थी

गर्दीचं काम तर गर्दीचं काम. त्या गर्दीत मला ट्रे फ्लिप जमला.

---

चटणीभाकर

+१. पोरगं बोललं बे.

---

निवृत्त_मास्तर

या विभागात मी चुकून शिरलो, पण धागा शेवटपर्यंत वाचला. स्केटबोर्ड म्हणजे ती चाकांची फळी, इतपत समजलं. नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही नका पडू त्यात." (बहुधा त्याचा दुसरा अर्थ होता.)

हे सगळं मला आपल्या गड्ड्यासारखं (सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेसारखं) वाटतं. दर जानेवारीत होम मैदानावर भरतो तो. आत शिरायला तिकीट नाही. पाळण्याला आहे, मौत का कुवा बघायला आहे, भेळ खायची तर पैसे आहेत. खिशात दमडी नसताना आम्ही अख्खी संध्याकाळ गड्ड्यात काढत असू आणि आपलं काही बुडालं असं कधी वाटलं नाही. मग होटगीरोडकरांची तक्रार नेमकी काय?

---

होटगीरोडकर

मास्तर, नमस्कार. उदाहरण चोख आहे, आणि त्यातच माझं उत्तर आहे. गड्डा उठला तरी होम मैदान जागेवर राहतं. ते महापालिकेचं, म्हणजे आपलं. दुसऱ्या दिवशी पोरं तिथं क्रिकेट खेळतात. इथं मैदानच कंपनीचं आहे. ज्या दिवशी तिला परवडणार नाही त्या दिवशी पाळण्यांबरोबर मैदानही गुंडाळून नेणार.

हे मी हवेत बोलत नाही. याच ईएचा अँथम नावाचा गेम होता, २०१९ चा. तो तर फुकटही नव्हता, लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतलेला. पण सर्व्हरशिवाय चालत नव्हता. १२ जानेवारी २०२६ ला सर्व्हर बंद केले. डिस्क असलेल्यांच्या हातात आता नुसती चकती. युबिसॉफ्ट या दुसऱ्या कंपनीनं २०२४ ला द क्रू या गेमचं तेच केलं, त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि २०२५ ला दहा लाखांवर सह्या झाल्या. लोक काय मागतात? गेम कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना तो घरच्या घरी चालेल असा करून द्या, एवढंच.

आणि पूर्वभाग, तुझं म्हणणं मला पटलं, अगदी पटलं. फक्त एक विचार कर. २०१० ला याच कंपनीनं ऑनलाइन पास काढला होता. दुसऱ्याची वापरलेली डिस्क विकत घेणाऱ्यानं ऑनलाइन खेळायचं असेल तर वेगळे पैसे भरायचे. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की २०१३ ला तो बंद करावा लागला. तेव्हापासून माझं मत असं की कंपनीला विक्रीपेक्षा पुढची देवघेव जास्त खुपते. एक डिस्क, दहा घरं, पंधरा वर्षं. तुझ्यासारख्या पोरांपर्यंत गेम पूर्वी असाच यायचा, शंभर-दोनशे रुपयांत, तिसऱ्या हातानं. तो रस्ता बंद झाला आणि आता फुकट मिळतंय म्हणून आपण आभार मानतोय.

---

जुळेसोलापूरची_आई

मी गेम खेळत नाही, पण माझा मुलगा आठवीत आहे आणि त्यानं हा गेम घरच्या कॉम्प्युटरवर घेतलाय. म्हणून विचारते.

मागं दुसऱ्या एका मोबाइल गेममध्ये त्यानं माझ्या फोनवरून यूपीआयनं पैसे भरले होते. एकदम नाही, थोडे थोडे. बँकेचे मेसेज इतके येतात की लक्षात आलं नाही. विचारल्यावर म्हणाला, "आई, शेवटचे दोन तास राहिले होते, नंतर तो ड्रेस मिळालाच नसता." त्याचा रडवेला चेहरा बघून मला त्याच्यापेक्षा त्या 'शेवटचे दोन तास'वाल्याचा राग आला.

दोन प्रश्न आहेत. सरकारनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली ना? मग हे कसं चालतं? आणि यात मुलाला खेळू द्यायचं पण खर्च होऊ द्यायचा नाही, असं करता येतं का?

---

सध्या_पुण्यात

ताई, ऑगस्ट २०२५ चा तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांबद्दल आहे. रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. स्केटमध्ये तुम्ही पैसे देऊन शर्ट घेता, परत पैसे मिळत नाहीत, म्हणून तो त्यात येत नाही.

दुसऱ्याचं उत्तर: मुलाच्या खात्याला कुठलंच कार्ड किंवा यूपीआय जोडू नका. स्टीमवरून (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतला असेल तर स्टीमच्या फॅमिली सेटिंगमध्ये मुलाचं खातं लहान मुलाचं म्हणून जोडता येतं, मग खरेदीची परवानगी तुमच्याकडं येते. प्लेस्टेशनवर महिन्याचा खर्च शून्यावर बांधता येतो. फोनचा यूपीआय पिन मात्र आजच बदला, तो त्याला पाठ असणार.

आणि एक. मुलाला एकदम 'बंद' म्हणू नका. यातलं खेळणं खरोखर चांगलं आहे. बोट आणि डोळा यांचा इतका बारीक मेळ घालणारे गेम थोडे आहेत.

---

जुळेसोलापूरची_आई

पिन बदलला. तुमचा अंदाज खरा निघाला, त्याला पाठ होता.

---

चाकावरचा

गेमपेक्षा खऱ्या बोर्डवर जास्त वेळ जातो माझा, त्यामुळं वेगळ्या कोपऱ्यातून लिहितो.

आधी गेमबद्दल. बोर्डाचं वजन, चाकांचा आवाज, लँडिंगला ट्रकवर (चाकं बसवलेल्या आसावर) येणारा भार, हे नव्या भागात जुन्याइतकंच सुंदर आहे. मला तर काही ठिकाणी जास्त आवडलं. बोर्ड सोडून भिंतीवर, गच्चीवर चढता येतं, त्यामुळं उडी मारायच्या जागा चौपट झाल्या. बिघडलंय ते भोवतालचं. जुन्या भागात तुम्ही कुणीच नसलेला पोरगा असायचा. पडत-झडत व्हिडिओ काढायचा, मासिकात फोटो यायचा, मग एखादा ब्रँड बोर्ड द्यायचा. तो बोर्ड कमावलेला असायचा. आता तेच बूट दुकानात टांगलेत. स्केटबोर्डिंगमध्ये कपड्याला किंमत आहेच, खोटं कशाला बोलू, पण फाटक्या बुटाला जास्त आहे. गुडघ्यावर घासलेली जीन्स बघून आम्ही ओळखतो की हा किती पडलाय. गेममध्ये ती घासण्याची खूण विकत मिळणार असेल तर काय बोलायचं?

आणि वॉचमन कुठं गेले? पहिल्या भागांत चांगल्या जागी उडी मारली की वॉचमन मागं लागायचा, ढकलून पाडायचा. नव्या शहरात कुणी हाकलतच नाही. ज्यानं सोलापुरात एखाद्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये बोर्ड चालवलाय त्याला विचारा, वॉचमनशिवाय हा खेळ पुरा होतो का. मी निम्मी ऑली पळता पळता शिकलो.

इथं रोलर स्केटिंगचे क्लास भरपूर, बोर्डवाला क्वचित. रस्त्यांचं बोलायलाच नको. खडी वर आली की छोटी चाकं अडकतात आणि माणूस पुढं जातो, बोर्ड मागं. रंगभवनकडच्या स्मार्ट रोडचा फुटपाथ बरा आहे, पण पहाटेच. उन्हाळ्यात तर आठनंतर फरशीला हात लावून बघा.

तरी हा खेळ आता नुसता टवाळ पोरांचा राहिलेला नाही. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्ट्रीट प्रकारात सुवर्ण घेतलं. गेम फुकट झाल्यानं चार पोरांना बोर्ड घ्यावासा वाटला तर मी ईएच्या सगळ्या टोप्या माफ करीन. मला विचाराल तर फुकटचा फायदा मोजायचा तो असा, सर्व्हरवर किती माणसं होती त्यावर नाही. (पहिल्या दिवसांत स्टीमवरच एका वेळी लाखाच्या वर होती, आणि परीक्षणं बरीवाईट. दोन्ही खरं आहे.)

---

चटणीभाकर

मी बोर्ड घेतो म्हटलं तर बायको म्हणाली आधी मेडिक्लेम काढा.

---

पूर्वभाग_विद्यार्थी

चाकावरचा दादा, शिकवणार का? बोर्ड नाही माझ्याकडं, पण पडायची सवय आहे.

---

चाकावरचा

जुना डेक (नुसती फळी) पडलाय घरी, ग्रिपटेप (वरचा खरखरीत कागद) गेलीय, पण शिकायला चालेल. ट्रक आणि चाकं बघतो. हेल्मेट मात्र तू आणायचं. मेसेज टाक.

---

सध्या_पुण्यात

होटगीरोडकरांच्या भीतीत एक भर घालतो. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी, गेम आल्यावर दोन आठवड्यांनी, ईएच विकायला निघाली. घेणारे सौदीचा सरकारी गुंतवणूक निधी आणि सिल्व्हर लेक, अ‍ॅफिनिटी पार्टनर्स या दोन गुंतवणूक कंपन्या, मिळून ५५ अब्ज डॉलर. त्यातला मोठा भाग कर्ज काढून. कर्ज काढून घेतलेल्या कंपनीत प्रत्येक गेमकडं 'महिन्याला किती आणतो' याच नजरेनं बघतात. फुल सर्कलच्या लोकांनी मनापासून काम केलंय हे खेळताना जाणवतं. पण पुढं किती दिवस चालवायचं हे ते ठरवणार नाहीत.

तरीही मी म्हणेन की स्केट विकतचा झाला असता तर कदाचित झालाच नसता. दहा वर्षं ईएनं त्याला हात लावला नाही, कारण एकदा विकून संपणारा स्केटबोर्डचा गेम त्यांच्या हिशोबात बसत नव्हता. चाहत्यांच्या हाकेला फुकटच्या रूपातच ओ मिळाली.

---

होटगीरोडकर

शेवटचा मुद्दा मान्य. पण मग दोन्ही ठेवा ना. सर्व्हरवर फुकट, आणि ज्याला घरात ऑफलाइन पाहिजे त्याला दोन हजार घेऊन द्या. टोनी हॉकवाल्यांनी जुलै २०२५ ला भाग ३ आणि ४ नव्यानं काढले, विकतचे. लोकांनी घेतलेच की. म्हणजे पैसे द्यायला तयार असलेला माणूस अजून मेलेला नाही.

---

निवृत्त_मास्तर

नातवाकडून थोडा वेळ खेळून पाहिला. फळी उभी राहिली, माणूस आडवा झाला. व्ही नावाची यंत्रबाई (की बुवा?) 'शाब्बास' म्हणाली. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या स्वस्तात कुणाला शाब्बास म्हटलं नाही.

---

पूर्वभाग_विद्यार्थी

एक धाग्याबाहेरचं विचारतो. माझ्या कंट्रोलरची उजवी स्टिक न हलवता आपोआप वर सरकते. बाकी गेममध्ये चालून जातं, स्केटमध्ये मात्र मनात नसताना ऑली बसते. नवीन घ्यायला पैसे नाहीत. काय करू?

---

होटगीरोडकर

त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि हा गेम उजव्या स्टिकवरच असल्यानं इथं तो लगेच कळतो. आधी गेमच्या किंवा स्टीमच्या सेटिंगमध्ये उजव्या स्टिकचा डेड झोन (स्टिक जेवढी हलली तरी गेम लक्ष देत नाही तेवढी जागा) थोडा वाढवून बघ. फार वाढवू नको, नाहीतर फ्लिक उशिरा लागेल. त्यानं नाही भागलं तर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारू. धूळ असेल तर तेवढ्यात सुटतं. आतली पट्टी झिजली असेल तर स्टिकचं मोड्यूल बदलावं लागतं, सोल्डरिंगचं काम आहे, पण पार्ट महाग नाही. हॉल इफेक्टचं (चुंबकावर चालणारं) मोड्यूल मिळालं तर तेच टाकू, त्यात घासणारी पट्टीच नसते.

नव्या पेठेत दुकान आहे, संध्याकाळी सहानंतर ये, पत्ता मेसेज करतो. चटणीभाकर पण या, तुमचा राहिलेला तास देऊन टाकतो. आणि पोरा, घरात एखादा मेलेला कंट्रोलर असेल तर फेकू नको, घेऊन ये. बटणाखालची रबरं मिळत नाहीत आजकाल.